‘आशिया’ या शब्दाची व्याप्ती

भूगोलाच्या पहिल्या धड्यांत जे शब्द आपण पाठ करतो, त्यांच्याविषयी पुढे आयुष्यात फारसा विचार करीत नाही. ‘आशिया’ हा असाच एक शब्द आहे. क्षेत्रफळ सुमारे साडेचार कोटी चौरस किलोमीटर, पृथ्वीवरील जमिनीचा जवळजवळ तीन दशांश भाग, मनुष्यजातीपैकी निम्म्याहून अधिक लोकांची वस्ती, इतके सांगून शिक्षक पुढच्या खंडाकडे वळतो. परंतु एखादा चौकस विद्यार्थी मध्येच विचारतो की, युरोप आणि आशिया यांच्या दरम्यान समुद्र नाही, मग ही दोन निराळी खंडे कशी? अशा वेळी नकाशावरील उरल पर्वतावर छडी ठेवून आम्हीही वेळ मारून नेलेली आहे. पुढे जेव्हा हा प्रश्न आम्ही स्वतःशी घेऊन बसलो, तेव्हा ध्यानात आले की या नावाची हद्द कोणत्याही पर्वताने किंवा नदीने ठरविलेली नाही. ते नाव ज्याच्या तोंडी होते, त्याने आपल्या सोयीने ती ठरविली आहे. तो इतिहास थोडक्यात मांडण्याचा येथे विचार आहे.

प्रथम आपल्याच ‘खंड’ या शब्दाकडे पाहावे लागेल. खंड म्हणजे तुकडा. आपल्या पुराणांतील भूगोलात जंबुद्वीप हे द्वीप आणि इलावृत, भद्राश्व, केतुमाल, हरिवर्ष, भारतवर्ष वगैरे त्याचे नऊ भाग. या नऊ भागांवरूनच ‘नवखंड पृथ्वी’ हा प्रयोग मराठीत रुळला. धार्मिक कृत्याच्या आरंभी संकल्प सोडताना आपण आजही जंबुद्वीप, भारतवर्ष आणि भरतखंड यांचा क्रमाने उच्चार करतो. म्हणजे परंपरेच्या दृष्टीने खंड हा द्वीपाचा अंश, आणि आज ज्याला आपण आशिया खंड म्हणतो त्याच्या तोलाचा शब्द शोधावयाचा तर तो द्वीप असावयास हवा होता. हिंदीने ‘महाद्वीप’ असा शब्द घडवून ही अडचण टाळली. उर्दूने ‘बर्र-ए-आज़म’, म्हणजे मोठी भूमी, असे म्हटले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात जे उर्दू माध्यमातून शिकले, त्या आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी तोच शब्द होता आणि ‘आशिया’ऐवजी ‘एशिया’ हा उच्चार होता. मराठीने मात्र तुकड्याचे नाव अखंडाला देऊन टाकले. तक्रार करण्याजोगे यात काही नाही. आपण ज्याला आशिया म्हणतो तो खरोखरच यूरेशियाच्या सलग भूमीचा एक तुकडा आहे, हे मराठी शब्दातून कळत नकळत सुचविले जाते.

आता मूळ नावाकडे वळू. पाठ्यपुस्तकांतून पुष्कळदा असे सांगितले जाते की, अक्कडी भाषेत सूर्योदयाचा वाचक असा एक धातू आहे आणि त्यावरून ‘आशिया’ हा शब्द निघाला. ‘उषा’ या शब्दाशी त्याचे नाते जोडणारे हौशी व्युत्पत्तिकारही आम्हांस भेटले आहेत. या दोहोंच्याही मागे पुरावा असा नाही. पुराव्याच्या अधिक जवळ जाणारी कल्पना वेगळी आहे. ख्रिस्तपूर्व १४०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागात ‘अस्सुवा’ नावाने ओळखला जाणारा लहान राज्यांचा एक संघ होता. हित्ती राजा तुधालिया याने त्याचा पराभव केला. हित्तींची राजधानी हत्तुशा येथे १९९१ मध्ये एक काशाची तलवार सापडली. तिच्यावरील अक्कडी लेखात या विजयाचा उल्लेख आहे. मायकेल व्हेंट्रिस याने १९५२ मध्ये ज्या प्राचीन ग्रीक लिपीचा उलगडा केला, तिच्यातील पायलॉसच्या मृत्तिकापट्ट्यांवर ‘अस्विया’ असे विशेषण आढळते. ते एका देवीला लावलेले आहे, तसेच कामकरी स्त्रियांनाही लावलेले आहे. या स्त्रिया समुद्रापलीकडून आणलेल्या असाव्यात असे विद्वान मानतात. अस्सुवा, अस्विया आणि आशिया ही साखळी निःसंशय सिद्ध झाली आहे असे नव्हे, तथापि आज बहुतेक अभ्यासकांचा कल तिच्याकडे आहे. ती खरी असेल, तर या नावाच्या पहिल्या उपयोगांपैकी एक म्हणजे परमुलखातील मोलकरणींची नोंद, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

होमरच्या ‘इलियड’मध्ये आशिया या शब्दाने खंडाचा बोध मुळीच होत नाही. तेथे कायस्टर नदीकाठचे एक कुरण आहे, त्यावर हंस आणि क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि त्या कुरणाला आशियाचे विशेषण लावलेले आहे. एवढाच तो आशिया: एक नदी, थोडी दलदल, थोडे गवत. पुढे दोनतीन शतकांत ग्रीकांनी हेच नाव किनाऱ्यापासून आत आत सरकवीत लिडियाच्या राज्यास आणि मग इराणच्या सम्राटाच्या सगळ्या मुलखास लावले. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हेरॉडोटसने प्रांजळपणे लिहून ठेवले की, जमीन जर एकच आहे तर तिला तीन नावे, आणि तीही स्त्रियांची, का पडावीत हे आपणास उमगत नाही. ही तीन नावे म्हणजे युरोप, आशिया आणि लिबिया. लिबिया म्हणजे आजचा आफ्रिका. आशिया ही प्रॉमिथियसची पत्नी, असे ग्रीक सांगत. लिडियन लोकांना ते मान्य नव्हते. आपल्याच एका पूर्वजाचे, एसीसचे, हे नाव आहे असा त्यांचा दावा होता. नाईल नदी ही आशियाची सीमा धरली तर इजिप्त देश मध्येच दुभंगतो, हाही आक्षेप हेरॉडोटसने घेतला होता. इतके सगळे प्रश्न विचारून झाल्यावर आपण रूढ नावेच वापरू, असे म्हणून त्याने विषय संपविला. आमच्या छडीची परंपरा ही अशी अडीच हजार वर्षांची आहे.

रोमन लोकांनी या नावाचे जे केले ते अधिक मनोरंजक आहे. पर्गामम येथील राजा तिसरा अट्टालस ख्रिस्तपूर्व १३३ मध्ये निपुत्रिक वारला आणि मृत्युपत्राने आपले राज्य रोमला देऊन गेला. त्यावर झालेले बंड मोडून काढल्यावर ख्रिस्तपूर्व १२९ मध्ये रोमनांनी तेथे नवा सुभा बसविला आणि त्याचे सरकारी नाव ‘आशिया’ असे ठेवले. थोड्याच वर्षांत गायस ग्रॅकसच्या कायद्याने या सुभ्याच्या वसुलाचा लिलाव रोम शहरात होऊ लागला. मक्ता घेणाऱ्या सावकारांच्या कंपन्या तेथून येऊन रयतेला पिळू लागल्या. निजामी अमदानीतील मक्तेदारीच्या गोष्टी ज्यांनी घरातील वृद्धांकडून ऐकल्या असतील, त्यांस ही व्यवस्था निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. या पिळवणुकीची परिणती अशी की, ख्रिस्तपूर्व ८८ मध्ये पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्या आज्ञेवरून या सुभ्यातील गावोगावच्या इटालियन रहिवाशांची एका दिवसात कत्तल झाली. प्राचीन लेखक मृतांचा आकडा ८० हजार देतात.

म्हणजे या काळी आशिया हा शब्द एकाच वेळी दोन मापांत वापरला जात होता. रोमच्या हिशेबनिसाच्या दृष्टीने तो आपल्या एखाद्या औरंगाबाद सुभ्यासारखा एक महसुली प्रांत होता. भूगोलज्ञाच्या दृष्टीने तो जगाचा एक तृतीयांश होता. ख्रिस्ती ‘नव्या करारा’त जो आशिया येतो तो पहिल्या प्रकारचा. आशियात वचन सांगण्यास पौलाला मनाई झाली असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे, आणि ‘प्रकटीकरणा’त आशियातील सात मंडळ्यांना पत्रे आहेत. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया ही सातही गावे एका लहानशा टापूत बसतात. मराठी बायबल वाचणाऱ्यास हे सांगितले नाही, तर पौलाला भारत, चीन आणि अरबस्तान या सर्वांचीच बंदी झाली होती असा त्याचा समज होणे अगदी स्वाभाविक आहे.

दुसऱ्या प्रकारचा आशिया इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने रेखाटला. त्याच्या भूगोलग्रंथाच्या परंपरेत आशियाचे बारा नकाशे आहेत, आणि त्यांपैकी दहाव्यात गंगेच्या अलीकडचा भारत आहे. त्या विभागात ‘बैठण’ हे एका राजाचे राजधानीचे नगर म्हणून नोंदलेले आहे. हे आपले पैठण, आणि टॉलेमीने ग्रीक वळणाने लिहिलेला तो राजा म्हणजे नाशिकच्या लेण्यांतील लेखांवरून आपणांस परिचित असलेला सातवाहन पुळुमावी. तेर गावही ‘तगर’ या नावाने त्यात आहे. मराठी मुलखातील गावे लेखी स्वरूपात आशियात दाखल झाली ती अशी. पैठणच्या ज्या व्यापाऱ्यांचा माल भडोचमार्गे रोमन बाजारात जात होता, त्यांस आपण आशियात राहतो याची वार्ताही नसावी.

साहित्य परिषदेच्या वाचकांस विशेष रस वाटेल असा या शब्दाचा आणखी एक रोमन अर्थ आहे. वक्तृत्वाच्या ज्या शैलीत शब्दांचा फुलोरा फार, वाक्ये ताल धरून चालणारी आणि भावना दुथडी भरून वाहणारी, तिला रोमन टीकाकार ‘आशियाई शैली’ म्हणत. मोजकी, निर्मळ शैली ती ‘अ‍ॅटिक’, म्हणजे अथेन्सची. वस्तुतः ही शैली मिरविणारे वक्तेही ग्रीकच होते, फक्त समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर राहणारे. सिसेरोवर त्याच्या विरोधकांनी आशियाईपणाचा आरोप केला, आणि ख्रिस्तपूर्व ४६ मध्ये लिहिलेल्या ‘ब्रूटस’ या संवादात त्याने या शैलीचे दोन प्रकार सांगून आपली बाजू सावरली. आमच्या काही व्याख्यानमालांचे अध्यक्ष ऐकताना सिसेरोच्या विरोधकांची आठवण होते, हे कबूल केले पाहिजे. पण विनोद बाजूला ठेवला तर येथे एका भूभागाचे नाव प्रथमच दोषवाचक विशेषण झाले आहे. पूर्व म्हणजे अतिरेक, ऐषआराम आणि शिथिलता, हा जो समज पुढे दोन हजार वर्षे टिकला, त्याची बीजे अलंकारशास्त्रातील या वादातही आहेत.

मध्ययुगाची हकीकत थोडक्यात सांगता येईल. ख्रिस्ती युरोपच्या नकाशांत पृथ्वी वर्तुळाकार, वरचा अर्धा भाग आशिया, आणि तो नोहाच्या शेम या पुत्राचा वाटा. नाव एवढे मोठे झाल्यावर मूळच्या प्रदेशाला वेगळे ओळखण्यासाठी त्याला ‘धाकटा आशिया’ म्हणावे लागले. पाचव्या शतकाच्या आरंभी ओरोसियसच्या लिखाणात हा प्रयोग दिसतो. बापाचे नाव मुलाने घेतले आणि बापालाच धाकटा म्हणण्याची पाळी आली, असा हा प्रकार. उत्तरेकडील सीमा पुष्कळ काळ डॉन नदीवर होती. १७०९ च्या पोल्टाव्हाच्या लढाईनंतर रशियनांच्या कैदेत पडलेला फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबेर्ग हा स्वीडनच्या सैन्यातील अधिकारी सुटून परत गेल्यावर त्याने १७३० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात ती सीमा उरल पर्वतावर नेली. रशियाचा तातिश्चेव्ह म्हणे की ही कल्पना मूळ आपली. पीटर बादशहाने आपले राज्य युरोपीय करावयास घेतले होते. त्या राज्याचा गाभा युरोपात बसविणारी रेषा रशियनांना हवीच होती. आमच्या वर्गातील छडी जेथे टेकते ती जागा ही अशी अठराव्या शतकात ठरली.

इतका वेळ आपण नाव देणाऱ्यांच्या बाजूने पाहिले. ज्यांना ते मिळाले ते स्वतःला काय म्हणत होते? अरब आणि इराणी भूगोलकार पृथ्वीचे सात इकलीम मानीत, आणि ते इकलीम आशिया व आफ्रिका यांतील भेद न जुमानता पूर्वपश्चिम पट्ट्यांनी पसरत. चिनी लोकांना हे नाव प्रथम नकाशावर वाचावयास मिळाले ते मात्तेओ रिच्ची या जेझुइट पाद्र्याने १६०२ मध्ये छापविलेल्या जगाच्या नकाशात. तेथे ते ‘या-शी-या’ अशा उच्चारासाठी चिनी अक्षरे जुळवून लिहिलेले आहे. अर्थात परकी ध्वनी म्हणूनच. आपल्याकडे जंबुद्वीप होते, पण त्याचीही व्याप्ती कमीजास्त होई. अशोकाच्या लघुशिलालेखात हा शब्द येतो तो बहुधा त्याच्या सत्तेखालील आणि त्याला ज्ञात असलेल्या भूमीपुरता. या लेखाची एक प्रत १९१५ मध्ये तत्कालीन हैदराबाद संस्थानातील मस्की येथे सापडली. तीत ‘देवानांप्रिय’ या बिरुदाबरोबर अशोकाचे नाव प्रत्यक्ष आढळले आणि एक मोठा ऐतिहासिक प्रश्न सुटला. मस्की आता कर्नाटकात आहे. जंबुद्वीप म्हणजेच आशिया असे समीकरण मांडणारे लेखक पुढे झाले, परंतु ते समीकरण नव्या नकाशाला जुने वस्त्र नेसविण्यासारखे आहे.

पोर्तुगिजांच्या लेखी तर आशिया आणि ‘इंडिया’ यांचे माप उलटसुलट झालेले दिसते. जुआंव द बारुश याने पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील पराक्रमाचा इतिहास ‘आशिया’ या नावाने लिहिला. त्याचे पहिले दशक १५५२ मध्ये निघाले. बारुश स्वतः कधीही इकडे आला नाही. तो इतिहास पुढे चालविणारा दियोगु दु कोउतु मात्र गोव्यात राहिला, तेथील दप्तरखान्याचा प्रमुख झाला आणि १६१६ मध्ये गोव्यातच वारला. त्यांच्या ग्रंथांतील आशिया म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज गलबते जेथवर पोहोचली तो किनारा. आणि गोव्याहून चालणारे ‘भारतीय राज्य’ आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मोझांबिकपासून मकावपर्यंत पसरलेले. मोझांबिक गोव्याच्या कारभारातून वेगळे झाले ते १७५२ मध्ये. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे कागदोपत्री ‘इंडिया’ आफ्रिकेपर्यंत पोहोचली होती.

इंग्रजी अमदानीत हा शब्द विद्येच्या क्षेत्रात मानाने शिरला. १५ जानेवारी १७८४ रोजी सर विल्यम जोन्स याने कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन केली. ‘ओरिएंटल’ असे नाव न घेता ‘एशियाटिक’ का घेतले, याचे कारण त्याने आपल्या भाषणात दिले आहे: पौरस्त्य हा शब्द सापेक्ष आहे, बोलणारा कोठे उभा आहे यावर त्याचा अर्थ अवलंबून राहतो, आशिया हे निश्चित स्थळाचे नाव आहे. जोन्ससारख्या सूक्ष्म बुद्धीच्या माणसालाही आशिया हा शब्द तितकाच सापेक्ष आहे हे जाणवू नये, याचे आम्हांस नवल वाटते. आशियाचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेत भारतीय सभासद घेण्यास १८२९ साल उजाडावे लागले. मुंबईत १८०४ मध्ये जेम्स मॅकिंटॉशने काढलेली लिटररी सोसायटी पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. १९५४ मध्ये तिला मुंबईची एशियाटिक सोसायटी हे स्वतंत्र नाव मिळाले. डॉ. भाऊ दाजींपासून म. म. पां. वा. काणे यांच्यापर्यंत महाराष्ट्राच्या संशोधनाची केवढी तरी परंपरा तेथील ग्रंथांच्या आधाराने वाढली. आता मुंबईकर ‘एशियाटिक’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर टाउन हॉलचे खांब आणि पायऱ्या येतात. एवढ्या मोठ्या खंडाचे नाव एका जिन्याला मिळाले आणि कोणालाही ते खटकत नाही.

परंतु त्याच एकोणिसाव्या शतकात हा शब्द दुसऱ्या वाटेने खालीही घसरत होता. माँटेस्क्यूने १७४८ मध्ये आशियाला गुलामी वृत्तीचे माहेरघर ठरविले होते. पुढे महामारीला ‘एशियाटिक कॉलरा’ म्हणू लागले. मार्क्सने १८५९ मध्ये ‘आशियाई उत्पादनपद्धती’ अशी एक पायरीच इतिहासात मांडली. तिच्यामागे जे न बदलणाऱ्या भारतीय खेड्याचे चित्र होते, ते गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी, स्वतः मार्क्सची पद्धती मानीत असूनही, १९५६ च्या आपल्या ग्रंथात जसेच्या तसे स्वीकारण्याचे नाकारले.

विद्वानांच्या ग्रंथातील शब्दाने कोणाचे घर जात नाही. कायद्यातील शब्दाने जाते. ट्रान्सवालच्या बोअर प्रजासत्ताकाने १८८५ मध्ये जो तिसरा कायदा केला, त्यात ‘आशियाई’ म्हणजे कोण याची व्याख्या होती: कुली, अरब, मलायी, आणि तुर्की साम्राज्यातील मुसलमान प्रजाजन. भूगोलाचा विद्यार्थी या व्याख्येवर नापास झाला असता. तुर्की सुलतानाचा मुसलमान प्रजाजन युरोपातील बोस्नियाच्या बाजूचा असला तरी तो आशियाई. आणि त्याच सुलतानाच्या राज्यातील जेरुसलेमचा ख्रिस्ती मात्र व्याख्येबाहेर. मतलब इतकाच की ज्याला मताचा आणि जमिनीचा हक्क द्यावयाचा नाही तो आशियाई. १९०६ मध्ये इंग्रजांच्या वसाहत सरकारने याच्या आधारावर नवा वटहुकूम आणला. त्यानुसार आठ वर्षांवरील प्रत्येकाने नाव नोंदवून बोटांचे ठसे देऊन परवाना घ्यावा आणि पोलिस मागेल तेव्हा दाखवावा. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्ग येथील एम्पायर नाट्यगृहात भारतीयांनी तो न पाळण्याची शपथ घेतली, आणि सत्याग्रहाचा जन्म झाला.

या प्रसंगातील एका गोष्टीकडे मराठी लेखनात फारसे लक्ष गेलेले नाही. हा कायदा भारतीयांप्रमाणे चिनी लोकांनाही लागू होता. ज्या दोन समाजांना आपसांत बोलण्यास भाषा नव्हती, देव निराळे, खाणे निराळे, त्यांना एका अपमानकारक शब्दाने एका ओळीत उभे केले, आणि मग ते खरोखरच एकत्र लढले. जानेवारी १९०८ मध्ये तडजोडीचे जे पत्र सरकारकडे तुरुंगातून गेले, त्यावर गांधीजी आणि थंबी नायडू यांच्याबरोबर चिनी पुढारी लिउंग क्विन याची सही आहे. पुढे १९२३ मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजींनी या लढ्याचा इतिहास सांगावयास घेतला, तेव्हा चिनी साथीदारांची नोंद करण्यास ते विसरले नाहीत. आशियाचे ऐक्य या नावाने ज्या गोष्टीवर पुढे मोठमोठी भाषणे झाली, तिचे आम्हांस दिसलेले सर्वांत अस्सल उदाहरण हे आहे, आणि ते आशियाच्या भूमीवर घडलेले नाही.

अमेरिकेतही कायद्याच्या हातात हा शब्द असाच वागला. १९१७ च्या कायद्याने अक्षांशरेखांशांच्या रेघा मारून एक ‘निषिद्ध आशियाई पट्टा’ आखण्यात आला. त्यातील लोकांना प्रवेशबंदी. भारत त्या पट्ट्यात होता, परंतु जपान आणि फिलिपाइन्स नव्हते. भगतसिंग थिंद हे गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. आपण आर्यवंशीय, म्हणून ‘गोऱ्यां’त मोडतो, या युक्तिवादावर त्यांनी नागरिकत्व मागितले. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित. नाव मराठी वळणाचे, जन्म गुजरातेतला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वंशशास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. आणि भारत निषिद्ध पट्ट्यात आहे याचाही त्यात दाखला दिला. खुद्द पंडितांचे नागरिकत्व रद्द करण्याचा सरकारने प्रयत्न केला, पण ते न्यायालयात टिकले. थिंद यांच्या युक्तिवादाकडे आज सहानुभूतीने पाहताना एक बोचणी राहते. आशियाई या नावातून सुटण्यासाठी त्यांनी इतर आशियाईंपासून आपण वरचे आहोत असे म्हटले होते. ट्रान्सवालमधील मार्ग नेमका याच्या उलट होता.

आज त्याच देशाच्या जनगणनेत भारतीयांसाठी ‘आशियाई’ हाच रकाना आहे. १९७० मध्ये त्यांना गोऱ्यांत धरले होते. १९८० पासून वेगळी नोंद झाली. तरीही अमेरिकन माणसाला ‘एशियन’ म्हटल्यावर प्रथम चिनी किंवा जपानी चेहरा आठवतो. इंग्लंडमध्ये तोच शब्द उच्चारला की पंजाबी, गुजराती, सिल्हेटी डोळ्यांपुढे येतात. तेथील जनगणनेने चिनी लोकांस आशियाईंच्या रकान्यात घेतले ते २०११ मध्ये. इंग्लंडमधला हा अर्थ पुष्कळ अंशी पूर्व आफ्रिकेवरून आला. १९४७ मध्ये फाळणी झाल्यावर केनिया, युगांडा येथील आपल्या लोकांना ‘इंडियन’ म्हणणे पुरेनासे झाले, म्हणून ‘एशियन’ हा शब्द रूढ झाला. १९७२ मध्ये ईदी अमीनने ९० दिवसांच्या मुदतीने ‘एशियन’ लोकांना युगांडातून हाकलले, तेव्हा त्या शब्दाने कोण सुचविले जात होते याबद्दल कोणाच्याही मनात संदेह नव्हता.

अपमानाचे नाव अभिमानाने धारण करण्याचे मोठे प्रयत्न विसाव्या शतकात झाले. १८८५ मध्ये जपानमध्ये आशियाचा संग सोडण्याचा सल्ला देणारा अग्रलेख गाजला होता. तो फुकुझावा युकिची याचा मानला जातो. त्याच जपानचा ओकाकुरा १९०१ मध्ये भारतात आला, कलकत्त्यास ठाकुर कुटुंबाच्या सहवासात राहिला, आणि १९०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने आशियाच्या एकत्वाचा घोष केला. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरविले तेव्हा भारतातील राष्ट्रीय पक्षाला तो स्वतःचाच विजय वाटला. पाचच वर्षांनी जपानने कोरिया गिळला. १९४३ च्या नोव्हेंबरात टोकियोला भरलेल्या बृहत् पूर्व आशिया परिषदेस सुभाषबाबू निरीक्षक म्हणून उपस्थित होते. तेथे आशियाच्या मुक्तीची भाषा झाली, आणि तेव्हा चीनच्या मोठ्या भागावर जपानी सैन्य बसले होते. नाव आतल्याने घेतले म्हणून ते निर्मळ होतेच असे नाही.

या पार्श्वभूमीवर १९४७ च्या मार्चमध्ये दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात भरलेली आशियाई संबंध परिषद पाहिली पाहिजे. अध्यक्षपद आमच्या हैदराबादच्या सरोजिनी नायडू यांच्याकडे होते. भारत अजून स्वतंत्रही झाला नव्हता. आशियात कोण कोण येतो हा प्रश्न निमंत्रणे पाठवितानाच उभा राहिला असावा. पाहुण्यांची यादी बोलकी आहे. आफ्रिकेतील इजिप्त आले. सोव्हिएत संघातील मध्य आशियाची आणि कॉकेशसची प्रजासत्ताके आली, परंतु ज्या मॉस्कोच्या हाती त्यांची सूत्रे होती ते युरोपात. पॅलेस्टाइनमधून ज्यू विद्वानांचे शिष्टमंडळ आले आणि अरब प्रतिनिधींशी त्यांची खटकली. तिबेटचे प्रतिनिधी निराळे आले होते. नकाशात तिबेट वेगळा दाखविल्याबद्दल चीनच्या प्रतिनिधींनी हरकत घेतली. दिल्लीतील त्या मंडपात आशियाच्या पुढच्या पाऊणशे वर्षांतील बहुतेक भांडणे हजर होती. तरीही परतंत्र किंवा नुकत्याच स्वतंत्र होणाऱ्या देशांची माणसे लंडन-पॅरिसच्या मध्यस्थीवाचून एकमेकांस भेटली, ही गोष्ट लहान मानण्याचे कारण नाही.

याच सुमारास इंग्रजीत ‘एशियाटिक’ मागे पडून ‘एशियन’ हा शब्द पुढे आला, कारण पहिल्याला ट्रान्सवालच्या परवान्याचा वास येत होता. मराठीत दोहोंसाठी ‘आशियाई’ हा एकच शब्द आहे, त्यामुळे हा फरक भाषांतरात हरवतो. विद्यार्थ्यांस दक्षिण आफ्रिकेचा इतिहास शिकविताना तो सांगावा लागतो. १९५५ च्या एप्रिलमध्ये बांडुंगला २९ देश जमले तेव्हा नावात आशियाला आफ्रिकेची जोड मिळाली, आणि इजिप्तचे काय करावयाचे हा प्रश्न आपोआप मिटला.

सर्वांत विनोदी सीमारेषा खेळाच्या मैदानावरच्या. दिल्लीला १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा ११ देशांनिशी झाल्या. इस्रायल १९७४ पर्यंत या स्पर्धांत होता. पुढे फुटबॉलमध्ये तो युरोपचा झाला. कझाकस्तानने २००२ मध्ये फुटबॉलपुरता आशिया सोडला, आणि २००६ मध्ये ऑस्ट्रेलिया फुटबॉलपुरता आशियात आला. जोन्सला जे निश्चित स्थळ वाटत होते त्याची ही अवस्था. १९८२ मध्ये त्याच स्पर्धा पुन्हा दिल्लीला भरल्या. त्या निमित्ताने आलेल्या बसगाड्या नंतर महाराष्ट्राच्या एस. टी.कडे आल्या आणि ‘एशियाड’ म्हणून मुंबई-पुणे मार्गावर धावू लागल्या. त्या गाड्या कधीच मोडीत निघाल्या, पण निमआराम गाडीला ‘एशियाड’ म्हणण्याची सवय मागे राहिली. ‘लाल डबा नको, एशियाडने जा’ असे सांगणाऱ्या मावशींना त्यात एका खंडाचे नाव दडले आहे याची आठवण करून दिली, तर त्या आमच्याकडेच चमत्कारिक नजरेने पाहतील.

भारताच्या परराष्ट्र व्यवहारात ‘मध्यपूर्व’ न म्हणता ‘पश्चिम आशिया’ म्हणण्याचा प्रघात आहे, कारण दिल्लीहून पाहता बगदाद पूर्वेस नाही. मराठी वृत्तपत्रे मात्र एकाच पानावर दोन्ही शब्द छापतात. वर्गात तरी एकच वापरावा.

ज्या किनाऱ्यावरून हे नाव निघाले तेथे आज काय आहे? इस्तंबूल शहर बॉस्फोरसच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. पश्चिमेकडील तीराला तेथील लोक ‘युरोपची बाजू’ म्हणतात. पूर्वेकडील तीराला ते ‘आशियाची बाजू’ म्हणत नाहीत. ‘अनातोलियाची बाजू’ म्हणतात. आणखी दक्षिणेस होमरची कायस्टर नदी अजून वाहते. तिचे नाव आता ‘धाकटी मेंडेरेस’ आहे. तिने आणलेल्या गाळाने रोमन सुभ्याचे मुख्य बंदर इफिसस बुजून गेले, आणि समुद्र त्या भग्न नगरापासून काही किलोमीटर मागे हटला आहे.